मुलांच्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडची शस्त्रक्रिया: पहिल्यांदाच सामोरे जाणाऱ्या पालकांसाठी

शस्त्रक्रियागृहात गेलेले मूल साधारण अर्ध्या ते एका तासात बाहेर येते. तेवढा भाग शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ सांभाळतात, आणि मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नित्याची असल्यामुळे त्यांचा हात त्यावर बसलेला असतो. पालकांच्या वाट्याचे काम मात्र त्याआधीचे काही महिने आणि त्यानंतरचे चौदा दिवस चालते, आणि त्याबद्दल सविस्तर सांगायला बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत कोणाकडे फारसा वेळ नसतो. माझ्या मुलीची ही शस्त्रक्रिया ती सहा वर्षांची असताना झाली. त्या वेळी जे आम्हाला उशिरा कळले ते इतरांना वेळेवर कळावे, म्हणून हे क्रमाने लिहीत आहे. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. त्यांना काय विचारायचे आणि घरी काय पाहायचे, हे पालकांना आधीच ठाऊक असावे एवढाच त्याचा हेतू आहे.

काढायचे असते ते नेमके काय

तोंड उघडून ‘आ’ केल्यावर पडजिभेच्या दोन्ही बाजूंना ज्या गाठी दिसतात त्या टॉन्सिल. अ‍ॅडिनॉइड ही त्याच प्रकारच्या ऊतीची गाठ असते. पण ती नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या पोकळीत असल्यामुळे बॅटरीने घशात कितीही पाहिले तरी दिसत नाही. म्हणून तिच्यासाठी मानेचा बाजूने एक्स-रे काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहतात. अ‍ॅडिनॉइड साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात सर्वांत मोठे असते आणि पुढे आपोआप आकसत जाते. मूल आठ-नऊ वर्षांचे असेल आणि त्रास कमी होत चालला असेल, तर थोडे थांबण्याचा सल्ला डॉक्टर देतात त्यामागे हेच कारण असते.

पहिली पायरी: शस्त्रक्रिया खरोखर लागणार आहे का

या पायरीवर घाई करू नये. टॉन्सिल नुसते मोठे दिसतात हे काढण्याचे कारण होऊ शकत नाही. कारणे मुख्यतः दोन असतात, वारंवार होणारा संसर्ग आणि झोपेत श्वासाला होणारा अडथळा, आणि त्या दोहोंचा पुरावा पालकांनी वेगवेगळ्या पद्धतीने गोळा करावा लागतो.

संसर्गासाठी जगभर वापरला जाणारा मोजमापाचा नियम असा आहे: एका वर्षात सात किंवा अधिक वेळा, सलग दोन वर्षे प्रत्येक वर्षी पाच किंवा अधिक वेळा, अथवा सलग तीन वर्षे प्रत्येक वर्षी तीन किंवा अधिक वेळा घसा आलेला असला पाहिजे. यात प्रत्येक दुखरा घसा धरायचा नसतो. घशाच्या दुखण्यासोबत 101 अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, गळ्यातल्या सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके अथवा पू, किंवा स्ट्रेप्टोकोकस जंतूची तपासणी होकारार्थी, यांपैकी किमान एक गोष्ट असावी लागते. शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैत घरोघरी येणारे सर्दी-पडसे बहुतेक वेळा विषाणूंमुळे असते आणि ते या हिशेबात बसत नाही. आकडा या मर्यादेपेक्षा कमी भरत असेल, तर साधारण वर्षभर लक्ष ठेवून थांबणे हाच योग्य मार्ग मानला जातो, कारण अनेक मुलांचा त्रास तेवढ्या काळात आपणहून कमी होतो. अपवाद आहेत. टॉन्सिलच्या मागे पू साठून गळू झालेले असेल, किंवा मुलाला अनेक प्रतिजैविकांची अ‍ॅलर्जी असेल, तर आकडा पूर्ण होण्याआधीही डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवू शकतात.

हा आकडा सांगायचा तर नोंद हवी, आणि आपल्याकडे नेमकी तीच नसते. एकदा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, एकदा मामाच्या गावी, एकदा रविवारी उघड्या असलेल्या भलत्याच डॉक्टरांकडे, अशा चिठ्ठ्या विखुरलेल्या असतात. एक साधी वही करावी आणि तीत तारीख, ताप किती, पांढरे ठिपके दिसले का, कोणते औषध किती दिवस दिले आणि शाळा किती दिवस बुडाली, एवढे पाच रकाने ठेवावेत. आम्ही ‘सतत आजारी असते’ असे सांगत राहिलो, आणि डॉक्टरांनी ‘सतत म्हणजे किती वेळा?’ असे विचारले तेव्हा आम्हा दोघांची उत्तरे वेगळी निघाली. त्या दिवसापासून वही सुरू झाली.

श्वासाच्या अडथळ्यासाठी वहीपेक्षा मोबाईल अधिक उपयोगी पडतो. मूल गाढ झोपलेले असताना, अंगावरचे पांघरूण छातीपर्यंत बाजूला करून, तीन-चार मिनिटांचे आवाजासह चित्रीकरण करावे. रोज रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून मग हिसका देऊन सुरू होणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, तोंड उघडे ठेवून व मान मागे टाकून झोपणे, अंथरुणात सारखे कूस बदलणे, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणे, दिवसा चिडचिड किंवा वर्गात लक्ष न लागणे, आणि वजन-उंची मागे पडणे, ही सगळी लक्षणे एकाच साखळीतली असू शकतात. मूल घोरते म्हणजे त्याला शांत झोप लागली आहे, हा आपल्या घरांमधला समज मला फार धोक्याचा वाटतो. दोन वर्षांखालील मूल, स्थूल मूल, डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांची जन्मजात वेगळी ठेवण किंवा स्नायूंचा आजार असलेले मूल, यांच्यासाठी शस्त्रक्रियेआधी रात्रभराची झोपेची तपासणी करावी असा सल्ला दिला जातो.

अ‍ॅडिनॉइडमुळे कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड बंद होऊन पडद्यामागे चिकट पाणी साठू शकते. मूल हाक मारली तरी वळत नसेल किंवा टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर ऐकण्याची तपासणी याच टप्प्यावर करून घ्यावी. गरज असल्यास कानाच्या पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, त्याच भुलीत बसवता येते. त्रास सौम्य असेल आणि नाकाला अ‍ॅलर्जी असेल, तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित वापरून पाहणे योग्य ठरते. मुंबईची धूळ आणि पावसाळ्यात भिंतींना धरणारी बुरशी लक्षात घेता, हा प्रयोग न करता थेट शस्त्रक्रियेवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: कुठे आणि केव्हा

महापालिकेच्या परळच्या के. ई. एम., शीवच्या लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलच्या नायर आणि विलेपार्ल्याच्या कूपर या रुग्णालयांत, तसेच भायखळ्याच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. परळलाच लहान मुलांसाठी वाडिया रुग्णालय आहे. सार्वजनिक रुग्णालयात खर्च कमी येतो. पण सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढणे, तपासण्यांसाठी दोन-तीन फेऱ्या आणि तारखेची वाट पाहणे, यांची तयारी ठेवावी लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्या मुलाची शस्त्रक्रिया बसते का, हे त्या त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. खासगी विमा असेल तर पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी वाचावा, कारण अनेक पॉलिसींमध्ये टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडच्या शस्त्रक्रियेला सुरुवातीची दोन वर्षे संरक्षण नसते.

रुग्णालय निवडताना मी खोलीपेक्षा तीन प्रश्नांना महत्त्व देईन. लहान मुलांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ आहेत का? रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला, तर शस्त्रक्रियागृह उघडून तो थांबवणारा माणूस त्याच रुग्णालयात मिळेल का? आणि मूल तीन वर्षांखालील असेल किंवा त्याचा झोपेतला श्वास फार थांबत असेल, तर रात्रभर प्राणवायूच्या पातळीवर लक्ष ठेवण्याची सोय आहे का? अशा मुलांना त्याच दिवशी घरी पाठवू नये.

वेळ निवडताना बहुतेक कुटुंबे दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी निवडतात, आणि शाळेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे मुंबई सोडायची नाही, हे धरूनच तारीख घ्यावी. मे महिन्यात शस्त्रक्रिया उरकून चार दिवसांनी कोकणात गावी जाण्याची आखणी अजिबात करू नये. त्याचे कारण पुढे आले आहे.

तिसरी पायरी: आदल्या आठवड्याची तयारी

रक्ताच्या तपासण्या रुग्णालय सांगेलच. त्यांच्याइतकीच महत्त्वाची असते ती घरातली माहिती: मुलाच्या नाकातून वारंवार रक्त येते का, थोड्या धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग पडतात का, दात पडल्यावर रक्त बराच वेळ थांबले नव्हते का, आणि जवळच्या नात्यात कोणाला रक्त न गोठण्याचा किंवा भुलीचा त्रास झाला आहे का. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना हे मुद्दाम विचारावे. चालू असलेली सर्व औषधे सांगावीत, आयुर्वेदिक काढे आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांसकट. या वयात दुधाचे दात हलत असतात. असा दात कोणता हे भूलतज्ज्ञांना दाखवावे, म्हणजे तोंडात उपकरण बसवताना तो निसटून श्वासमार्गात जाण्याचा धोका टळतो.

ताप, छातीत घरघर किंवा ओला खोकला असेल तर ते लपवू नये. रजा घेतली आहे, गावाहून आजी आली आहे, म्हणून ‘थोडेसेच आहे’ असे सांगण्याचा मोह होतो. परंतु अशा वेळी भुलीत श्वासनलिका आवळण्याचा धोका वाढतो, आणि काही आठवड्यांनी नवी तारीख घेणे हे त्यापेक्षा केव्हाही बरे.

उपाशी राहण्याच्या वेळा रुग्णालय लिहून देते. सामान्यतः खाणे आणि गाईचे-म्हशीचे दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. ही वेळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावावी, कारण सकाळी रडणाऱ्या नातवाच्या हातात मायेने दिलेले एक बिस्किटही शस्त्रक्रिया पुढे ढकलायला पुरेसे होते.

मुलाला खरे सांगावे. ‘फिरायला जातोय’ असे सांगून नेलेले मूल पुढचे कित्येक महिने डॉक्टरांवर आणि आपल्यावरही विश्वास ठेवत नाही. झोपेचे औषध देतील, झोपेत घशातल्या गाठी काढतील, उठल्यावर घसा दुखेल, आई किंवा बाबा शेजारीच असतील, एवढे साध्या शब्दांत सांगितले की पुरते.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेचा दिवस

पूर्ण भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात, तोंड एका चौकटीसारख्या उपकरणाने उघडे ठेवतात आणि सर्व काम तोंडातूनच होते. बाहेर कुठेही चीर पडत नाही. टॉन्सिल स्नायूपासून सोडवून काढतात आणि रक्तस्राव थांबवतात. अ‍ॅडिनॉइड खरवडून किंवा यंत्राने काढतात. साध्या हत्यारांनी, विद्युत उपकरणाने किंवा मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरी वापरणाऱ्या कोब्लेशनने, अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत. कोब्लेशनची कांडी महाग असल्यामुळे बिल वाढते. पद्धतीच्या नावापेक्षा, आपले शल्यविशारद कोणत्या पद्धतीने वर्षानुवर्षे काम करत आहेत, याला मी अधिक वजन देईन. केवळ घोरण्यासाठी शस्त्रक्रिया असेल, तर टॉन्सिलचे आवरण ठेवून आतला भागच काढण्याचा पर्याय आहे का, हे विचारता येते. त्यात दुखणे कमी असते, मात्र उरलेला भाग पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता राहते.

शुद्धीवर येताना बरीच मुले जोरात रडतात, हातपाय झाडतात आणि आईलाही ओळखत नाहीत. ते पाहणे कठीण असते, पण थोड्या वेळात मूल शांत होते. त्याला कुशीवर झोपवून ठेवतात. एखादी तपकिरी रंगाची उलटी म्हणजे पोटात गेलेले जुने रक्त असू शकते. ताजे लालभडक रक्त दिसले तर मात्र लगेच परिचारिकेला बोलवावे. काही तासांत घोट घोट पाणी सुरू होते, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. घरी नेताना लोकलच्या गर्दीत शिरू नये. रिक्षा किंवा टॅक्सी करावी.

पाचवी पायरी: घरातले चौदा दिवस

दुखण्याचे औषध मूल रडल्यावर देण्याचे नसते, घड्याळाप्रमाणे द्यायचे असते. पहिले काही दिवस पॅरासिटामॉल वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेत, ठरलेल्या अंतराने द्यावे. रात्री उठवून द्यावे का, हेही घरी निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण रात्रभर औषध चुकले की सकाळी मूल पाणीसुद्धा गिळत नाही. आयब्युप्रोफेन चालेल का हे आपल्या शल्यविशारदांनाच विचारावे. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. कोडीन असलेले औषध, घरात उरलेले खोकल्याचे औषधही, बारा वर्षांखालील मुलाला अजिबात देऊ नये. काही मुलांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिनमध्ये रूपांतर अतिशय वेगाने होते आणि श्वास मंदावून मृत्यू ओढवल्याच्या घटना टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर घडल्या आहेत.

दुखणे रोज थोडे थोडे कमी होत जाईल असे आपण गृहीत धरतो, पण तसे होत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास ते पुन्हा वाढते, आणि काही काळ कानही दुखतो. कानाला काही झालेले नसते. घशाची आणि कानाची संवेदना वाहणारी नस एकच असल्यामुळे ते जाणवते. टॉन्सिलच्या जागी पांढरा-पिवळा थर दिसतो आणि तोंडाला वास येतो. तो पू नाही, जखमेवरची खपली आहे. ती बोटाने किंवा कापसाने पुसायला जाऊ नये. आवाज काही दिवस बदललेला वाटतो आणि सुजेमुळे घोरणेही लगेच थांबत नाही.

खाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचे. कोरडा घसा अधिक दुखतो, दुखतो म्हणून मूल पीत नाही, आणि हे चक्र तोडणे हेच पहिल्या आठवड्याचे मुख्य काम असते. दर अर्ध्या तासाला चार घोट, चमच्याने का होईना, पाजावेत. सहा-आठ तास लघवी झाली नाही, ओठ सुकले, मूल मलूल झाले, तर डॉक्टरांना कळवावे. खाण्यासाठी भाताची पेज, तूप घातलेला मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, गार केलेला शिरा, नाचणीचे सत्त्व, आंबट नसलेले दही, केळे आणि साधे आइस्क्रीम चालते. सगळे कोमट किंवा गार असावे. चकली, फरसाण, टोस्ट, पापड, भाकरीची कड आणि पावाचा कडक भाग दोन आठवडे टाळावा; तिखट, लिंबू, टोमॅटो आणि संत्र्याचा रस झोंबतो. लाल रंगाची सरबते, कोकम आणि बीट देऊ नयेत, कारण उलटी झाली तर ते रंग आहेत की रक्त हे कळेनासे होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जोराच्या गुळण्या आणि वाफाराही देऊ नये.

सहावी पायरी: रक्तस्राव ओळखणे

रक्तस्रावाचे दोन काळ असतात. पहिला शस्त्रक्रियेनंतरचे चोवीस तास, ज्यांतले पहिले काही तास तरी मूल रुग्णालयातच असते. दुसरा पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान, खपली सुटताना. तोपर्यंत मूल हसू-खेळू लागलेले असते आणि घर निर्धास्त झालेले असते. बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही. पण ज्या थोड्यांना होते त्यांच्यासाठी रुग्णालय किती जवळ आहे, यावर सगळे अवलंबून असते. गावी जाऊ नये असे वर म्हटले ते यासाठी.

माझ्या मुलीच्या बाबतीत ती सातवी रात्र होती. ती झोपेत सारखी गिळत होती, आणि ते तिच्या आजीच्या लक्षात आले. दिवा लावून पाहिले तर ओठाच्या कडेला रक्त होते. झोपलेले मूल रक्त थुंकत नाही, गिळत राहते, ही गोष्ट आम्हाला तोवर कोणीही सांगितली नव्हती. दादरहून परळला पोहोचायला त्या वेळी दहा मिनिटे लागली आणि तिचा रक्तस्राव वेळेत थांबवता आला. हाच प्रसंग संध्याकाळी सात वाजता, रस्ते तुंबलेले असताना आला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

म्हणून पहिले दहा दिवस मोठ्या माणसाने मुलाच्या शेजारी झोपावे आणि रात्री एक-दोनदा गिळण्याकडे लक्ष द्यावे. ताजे रक्त दिसले, रक्ताची उलटी झाली किंवा मूल सारखे गिळत असेल, तर त्याला बसवून पुढे वाकवावे, रक्त गिळू न देता भांड्यात थुंकायला सांगावे आणि थेट शस्त्रक्रियागृहाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. जवळच्या दवाखान्यात आधी दाखवण्यात वेळ घालवू नये. रक्त आपोआप थांबले तरी जावे, कारण थोडा रक्तस्राव कधी कधी मोठ्या रक्तस्रावाआधी येतो. जोराचा रक्तस्राव असेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. दिवसा आणि रात्री कोणत्या रस्त्याने जायचे आणि रुग्णालयाचा तातडीचा दूरध्वनी कोणता, हे डिस्चार्जच्या दिवशीच लिहून दारामागे लावावे.

सातवी पायरी: शाळा आणि पुढची तपासणी

साधारण दहा ते चौदा दिवसांनी, मूल नेहमीचे जेवू लागले आणि दुखण्याचे औषध बंद झाले की शाळेत पाठवता येते. पोहणे, धावपळीचे खेळ आणि विमानप्रवास दोन आठवडे नको. टॉन्सिल काढल्याने प्रतिकारशक्ती संपते का, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. हेच काम करणारी ऊती घशात आणि शरीरात इतरत्र भरपूर असते, त्यामुळे मुलाच्या रोजच्या आरोग्यात त्याने लक्षणीय फरक पडत नाही. साधी सर्दी मात्र पूर्वीसारखीच होत राहील, ती बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

पाणी पिताना ते नाकातून येणे किंवा आवाज नाकात गेल्यासारखा वाटणे काही दिवस चालते. ते आठवड्यांमागून आठवडे राहिले तर दाखवावे. तोंडाने श्वास घेण्याची जुनी सवय नाक मोकळे झाल्यावरही काही काळ टिकते. तीन महिन्यांनी मुलाच्या झोपेचे पहिल्यासारखेच, छाती दिसेल असे चित्रीकरण पुन्हा करावे आणि दोन्ही चित्रीकरणे घेऊन डॉक्टरांकडे जावे. घोरणे किंवा श्वास थांबणे तेव्हाही दिसत असेल, तर झोपेची तपासणी करायची की नाही हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे.